मागणं नसलेलं पत्र

६ जानेवारी

ही वही ताईने तीन वर्षांपूर्वी दिली होती, तेव्हापासून कपाटात कोरी पडून होती. आज काढली. ऑफिसात दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं एकही वाक्य लिहिलं नाही, हे घरी येताना जिन्यात लक्षात आलं आणि बरं वाटलं नाही.

एक नियम ठरवते. या वहीत कुणाकडे काही मागायचं नाही. सोळा वर्षं मी मागण्याचीच पत्रं लिहिते आहे.

कुणी विचारलं तर "इंटरनेटचं काम" म्हणून मी मोकळी होते. इथे नीट सांगते. लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा कोणती कंपनी वर दिसायची, हे बरंचसं कुणी कुणी तिच्याकडे बोट दाखवलं आहे यावर ठरतं. बोट दाखवणं म्हणजे लिंक. आमचं ऑफिस गिऱ्हाइकांसाठी अशी बोटं गोळा करतं. मी अनोळखी माणसांना ईमेल लिहिते की तुमच्या अमुक पानावर आमच्या तमुक गिऱ्हाइकाची लिंक द्याल का. मी त्याला अजून पत्र म्हणते. समोरच्या टेबलावरचा सहकारी त्यावरून मला हसतो, म्हणून मीही त्याला पोस्टमास्तर म्हणते. एके काळी ऑफिसच्या त्या खोलीत आम्ही अकराजण होतो. आता तो आणि मी.

आज साहेबांनी बोलावलं. साहेब आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. तेव्हा ते मला अगंतुगं करायचे, बढती मिळाली त्या आठवड्यापासून अहोजाहो. तो मान आहे की अंतर, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"तुमची सगळी जुनी पत्रं द्या," म्हणाले. "नवीन प्रोग्रॅमला शिकवायचंय. तुमच्यासारखं लिहायला."

"आणि मी?"

"तुम्ही तपासायचं. सुटलात की हो!"

मी हसले. का हसले ते माहीत नाही.

९ जानेवारी

जुनी पत्रं काढते आहे. सगळ्यात खाली पहिल्या वर्षातली. तेव्हाचे साहेब वेगळे होते, आता हयात नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी माणसाचं पान शेवटपर्यंत वाचायचं. मग त्यावरची प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघायची. त्यातल्या दोन-चार मेलेल्या निघतातच; ज्या पानाकडे बोट दाखवलंय ते पानच नाहीसं झालेलं असतं. त्या त्याला कळवायच्या. आणि मग शेवटच्या दोन ओळींत आपलं काम सांगायचं. "आधी त्याच्या घरातला गळका नळ दाखवा, मग पाणी मागा," असं म्हणायचे. दिवसाला दहा पत्रं व्हायची. चौघांचं उत्तर यायचं, आणि उत्तर म्हणजे खरंच उत्तर. एका मधमाश्या पाळणाऱ्या बाईंनी मला माशी चावली तर काय करायचं ते दीड पान लिहून पाठवलं होतं.

मग साचे आले. एकच पत्र, फक्त नाव बदलायचं. नाव यंत्र घालणार. एका सोमवारी ते घालायला विसरलं आणि सहाशेजणांना "नमस्कार पहिलेनाव" असं पत्र गेलं. एकाचं उत्तर आलं, "नमस्कार आडनाव, तुमचा लोभ असावा." पोस्टमास्तरने ते छापून भिंतीवर लावलंय, अजून आहे.

त्यानंतर स्मरणपत्रं. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी दुसरं, आणखी चार दिवसांनी तिसरं, आपोआप. त्यानंतर लोक शहाणे झाले, एका ओळीत भाव कळवू लागले. मग तेही थांबलं. आता शंभर पत्रांना दोन उत्तरं आली तर साहेब केक मागवतात.

१४ जानेवारी

आज तराजूकाकांच्या पत्रांशी अडले.

ते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या तराजूंवर एक पान केलं, स्वतः काढलेल्या चित्रांचं. बारा वर्षांपूर्वी वजनकाटे बनवणारं एक गिऱ्हाईक आमच्याकडे आलं तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं होतं. तोवर साचे आलेले. उत्तर आलं:

"पत्रवाल्या बाई तुमच्या सहा ओळींत तीन चुका आहेत एक माझ्या पानावर सुंदर फोटो नाहीत एकही फोटो नाही ती चित्रं आहेत दोन माझं दुकान नाही मी जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले तीन तुम्ही संपूर्ण पान वाचलेलं नाही वाचलं असतं तर शेवटच्या ओळीत मी एक प्रश्न विचारला आहे त्याचं उत्तर दिलं असतं वाचा आणि पुन्हा लिहा"

हे असंच, एकही पूर्णविराम नाही. एका बोटाने टाइप करतात आणि पूर्णविरामाची कळ लांब पडते म्हणतात. मी लाजेने पान पूर्ण वाचलं, उत्तर दिलं, पुन्हा लिहिलं. लिंक मिळाली, आणि पत्रंही सुरू राहिली. वर्षाला पाच-सहा. प्रत्येक पत्राच्या शेवटी ते घरातलं काहीतरी तोलून वजन कळवतात. चहाची गाळणी. एक कांदा, सोलण्याआधी आणि नंतर. सहा वर्षांपूर्वी, "आज हिचा चष्मा तोलला बावीस ग्रॅम आता घालणारं कुणी नाही."

आता ही पत्रं यंत्राला द्यायची? पत्रं ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिली. म्हणजे ती ऑफिसची. पण त्यांनी ती ऑफिसला लिहिली नव्हती.

१७ जानेवारी

त्यांची एकसष्ट पत्रं आणि माझी उत्तरं बाजूला काढून घेतली. पत्त्यांच्या यादीतून त्यांचा पत्ताही खोडला. साहेबांना म्हटलं, "सगळं दिलं." हे खोटं आहे. इथे लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी

यंत्र सुरू झालं. पोस्टमास्तरने बारसं केलं: ती धाकटी, मी थोरली. "धाकटी दिवसाला अकराशे पत्रं लिहिते आणि चहाला उठत नाही. थोरलीने काहीतरी शिकावं."

सगळी पत्रं माझ्या नावाने जातात. खाली माझं नाव, शेजारी माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. येणारी उत्तरं मात्र पोस्टमास्तरकडे जातात.

साहेबांनी गंमत म्हणून दहा पत्रं छापून माझ्यापुढे टाकली, पाच माझी, पाच तिची. ओळखा म्हणाले. मी चार बरोबर ओळखली. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर पाच आली असती. एका पत्रात "तुमच्या पानावर मी बराच वेळ रेंगाळले" हे वाक्य होतं. हे माझंच, म्हटलं. माझं होतंच, पण पत्र तिचं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी. कपडे धुतले, खिडकीच्या जाळ्या पुसल्या. ताईचा फोन आला नाही. म्हणजे आला होता, मी बादलीपाशी होते. नंतर करू म्हटलं आणि राहिला. ती रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते, खाली "शुभ सकाळ". आजचं पिवळं, निळ्या टवका उडालेल्या कुंडीतलं. ही असली चित्रं शंभरजणांना एकदम जातात, मला धंद्यामुळे कळतं. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवते. तेही एका बोटाचं काम.

११ फेब्रुवारी

तराजूकाकांचं पत्र डिसेंबरपासून नाही. शेवटच्या पत्रात होतं, "आज उजवा हात जड वाटतो काट्यावर ठेवला तर नेहमीइतकाच भरतो काटा खोटं बोलत नाही म्हणजे मीच." मला गंमत वाटली. उत्तर लिहिलं, काट्याचीच बाजू घेतली, आणि शेवटी गिऱ्हाइकाचा पत्ता बदललाय तेवढी लिंक दुरुस्त कराल का, असं विचारलं. लिंक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. पत्र आलं नाही.

रुसले असतील का?

२४ फेब्रुवारी

आज त्यांच्या पत्त्यावरून पत्र आलं. उतरवून ठेवते:

"आदरणीय महोदया, आपण कुशल असाल अशी आशा करतो. गेल्या काही पत्रांतून आपल्या लेखनशैलीत झालेला बदल प्रकर्षाने जाणवला. आपली प्रकृती उत्तम आहे ना? आपल्यासोबतचा संवाद माझ्यासाठी सदैव मौल्यवान राहिला आहे. प्रकृतीच्या कारणास्तव मला लेखनाची पद्धत बदलावी लागली आहे. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत."

मी तीनदा वाचलं. पूर्णविराम मोजले. शेवटी वजन नाही.

असली पत्रं मी रोज दोनशे तपासते. आणि "गेल्या काही पत्रांतून"? मी डिसेंबरनंतर त्यांना एक ओळ लिहिलेली नाही. तिथेच पितळ उघडं पडलं.

हे होतं. माणूस जातो, घरच्यांना पानाचं काही माहीत नसतं, पानाच्या नावाची मुदत संपते, आणि लिंका विकणारे ते नाव उचलतात. मग जुन्या ओळखीच्या लोकांना गोड पत्रं लिहायला लागतात. मधमाश्यावाल्या बाईंचं असंच झालं होतं. त्यांच्या पानावर आता गाद्या विकतात.

म्हणजे तराजूकाका गेले. कधी, कसे, काहीच कळणार नाही. मी पत्र "निकामी" खणात टाकलं, पाणी प्याले आणि धाकटीची उरलेली पत्रं तपासली.

२८ फेब्रुवारी

"माझे यापूर्वीचे पत्र आपणास मिळाले असेल अशी आशा आहे." बरोबर चार दिवसांनी स्मरणपत्र. आमच्याच शाळेत शिकलेलं कुणीतरी आहे.

तेही निकामी खणात.

ताईला सांगावं वाटलं. पण सांगणार काय? ज्याला कधी पाहिलं नाही असा एक माणूस बहुतेक वारला. "कोण होता तुझा?" असं ती विचारेल, आणि प्रश्न रास्तच आहे.

५ मार्च

हे सावकाश लिहिते, नाहीतर मीच माझी बाजू घेईन.

सकाळी साहेब टेबलापाशी आले. वजनकाट्यांच्या गिऱ्हाइकाची बारा वर्षांची लिंक गेली. "त्या तराजूवाल्या म्हाताऱ्याने काढून टाकली. भांडण झालं का तुमचं?"

"ते वारले," मी म्हटलं.

"वारलेला माणूस उत्तरं देतो होय?" पोस्टमास्तर त्याच्या टेबलावरून ओरडला. "धाकटीशी महिनाभर पत्रव्यवहार चाललाय त्याचा. मला वाटलं भ्रमिष्ट आहे कुणीतरी. मी तर मजेशीर उत्तरांच्या फायलीत ठेवलंय."

ती फाईल मी उघडली.

मी त्यांचा पत्ता खोडला होता. पण त्यांच्या पानाच्या तळाशी "चूक आढळल्यास कळवा" अशी ओळ आहे आणि तिथे दुसरा पत्ता आहे. धाकटीने तो पानावरूनच उचलला. मी तो शेकडो वेळा पाहिला असेल. माझ्या डोक्यातच आलं नाही.

४ फेब्रुवारी, धाकटी: तराजूंवरच्या तुमच्या सुंदर पानावर मी बराच वेळ रेंगाळले.

त्यांचं उत्तर, त्याच गुळगुळीत भाषेत: मला पक्षाघात झाला. उजवा हात गेला. मी बोलतो आणि फोन ते लिहितो. फोन माझी वाक्ये स्वतःहून नीट करतो, मला ते थांबवता येत नाही. आपण समजून घ्याल.

धाकटी: वाचून आनंद झाला! आमच्या नव्या काट्यांच्या माहितीकडे लिंक द्याल का?

मग चार दिवसांनी स्मरणपत्र. मग पुन्हा. मग त्यांचं:

"आपण पत्रवाल्या बाईच असाल तर एवढेच सांगा. पहिल्या पत्रात मी आपल्या कोणत्या तीन चुका काढल्या होत्या?"

धाकटी: छान प्रश्न! चुकांमधून मला नेहमीच शिकायला मिळतं. दरम्यान, आमच्या गिऱ्हाइकाविषयी...

हे तेवीस तारखेचं. चोवीसला त्यांनी मला, माझ्या स्वतःच्या पत्त्यावर लिहिलं. आपली प्रकृती उत्तम आहे ना. ते मला शोधत होते आणि मी त्यांना खणात टाकलं. चार दिवस वाट पाहून पुन्हा टाकलं. परवा, तीन मार्चला, धाकटीला त्यांचं शेवटचं एका शब्दाचं पत्र: "समजलं." त्याच दिवशी लिंक गेली.

साहेब मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "बिचारा." मग, "तुमचा माणूस आहे. तुम्हीच लिहा. माफी मागा, दोन शब्द गोड बोला, आणि लिंक परत आणा. गिऱ्हाईक सोमवारी विचारेल."

६ मार्च

उत्तर लिहायला बसले. जमलं नाही. "वाईट वाटलं" लिहिलं, ते धाकटीचं वाटलं. "मनापासून" हा शब्द तर ती दिवसाला अकराशे वेळा वापरते. रेंगाळले वगैरे आता मला जन्मात लिहिता येणार नाही.

मग एकसष्ट पत्रं पहिल्यापासून वाचली, त्यांची आणि माझी शेजारी शेजारी ठेवून. मला वाटत होतं की आमच्यात काही वेगळं होतं. त्यांच्या बाजूने होतं. माझं प्रत्येक पत्र शेवटच्या दोन ओळींत काहीतरी मागतं. एकसष्टपैकी एकसष्ट. काकूंच्या चष्म्याच्या पत्रालाही मी आठ ओळी बऱ्या लिहिल्या आहेत, आणि त्याखाली: "सवडीने आमच्या नव्या पानाकडे एक लिंक जोडता आली तर पाहावं."

मला हे आठवतही नव्हतं. त्यांनी ती लिंक जोडली होती.

धाकटीला मी काय नावं ठेवू.

८ मार्च, रविवार

पहिल्या साहेबांची पद्धत. काकांच्या पानावर दोनशे चौदा लिंका आहेत. काल आणि आज मिळून सगळ्या स्वतः दाबून पाहिल्या. सदतीस मेलेल्या. प्रत्येकीच्या जागी काय ठेवता येईल ते शोधलं. एका संग्रहालयाचं पान दुसऱ्या पत्त्यावर सापडलं, एका कारागिराच्या मुलाने वडिलांचं पान नव्याने उभं केलेलं सापडलं. चारला बसले ते मान अवघडली तेव्हा भान आलं. कितीतरी वर्षांत कामात असा वेळ गेला नव्हता.

त्यांच्या पानावर नवीन अशी एकच गोष्ट आहे. डिसेंबरातलं शेवटचं चित्र, एका लहान काट्याचं. रेघा थरथरलेल्या आहेत. मी तेव्हाही ते पाहिलं होतं.

९ मार्च

पत्राच्या शेवटी काहीतरी तोलून लिहायचं ठरवलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे काटा नाही. बारा वर्षं काट्यांसाठी पत्रं लिहिली, आयुष्यात काही तोललं नाही. ऑफिसच्या कपाटात गिऱ्हाइकाने नमुन्याला दिलेला काटा खोक्यातच पडलेला होता. तो काढला.

पोस्टमास्तर म्हणाला, "थोरले, काय तोलतेस? पाप?"

"किल्ली."

"मग हलकीच भरणार."

पत्र असं गेलं:

"काका, एक, फोटो नव्हते, चित्रं होती. दोन, तुमचं दुकान नव्हतं. तीन, मी पान पूर्ण वाचलं नव्हतं. फेब्रुवारीतली पत्रं माझ्या नावाने गेली, ती यंत्राने लिहिली होती. त्या यंत्राला मी शिकवलं. तुम्ही मला लिहिलेली दोन पत्रं मात्र मीच फेकली. पूर्णविराम होते म्हणून. तुमच्या पानावर सदतीस लिंका मेलेल्या आहेत, यादी जोडली आहे. मला काहीही नको आहे. माझ्या घराची किल्ली चौदा ग्रॅम भरली. एकच आहे, दुसरी केलेली नाही."

१० मार्च

"लिंक मागितलीत ना?" साहेब.

"नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

मी म्हटलं, "यापुढे धाकटीच्या पत्रांखाली माझं नाव नको." मला वाटलं आता जुनं अगंतुगं तरी बाहेर पडेल. "कुणाचं घालू मग?" म्हणाले. "कुणाचंही," मी म्हटलं.

१३ मार्च

धाकटीला नवीन नाव मिळालं, एक हसरा फोटोही मिळाला, जगात नसलेल्या बाईचा. तीन दिवसांत उत्तरांचं प्रमाण एका टक्क्यानेही घसरलं नाही. साहेबांनी आकडे मला मुद्दाम दाखवले नाहीत. मीच पाहिले.

वजनकाट्यांचं काम पोस्टमास्तरकडे गेलं.

१७ मार्च

आठ दिवस झाले. उत्तर नाही. चौथ्या दिवशी बोट आपोआप कळेकडे गेलं होतं: माझं पत्र मिळालं का? सोळा वर्षांची सवय. हात मागे घेतला. विचारणं म्हणजेसुद्धा मागणंच.

पण वाट बघणं हेही मागणंच आहे का? ते मला सुटत नाही.

२० मार्च

आज सहज त्यांचं पान उघडलं. सहज नाही, रोज उघडते. यादीतली पहिली लिंक दुरुस्त झालेली आहे.

२१ मार्च

दुसरी.

२६ मार्च

रोज एक, कधी दोन. माझ्या यादीच्या क्रमाने. चहा घेतला की मी पान उघडते. पत्र नाही, शब्द नाही. पोस्टमास्तर म्हणाला, "तुझा चेहरा जरा माणसात आलाय." म्हटलं, गप बस. मग दुपारी त्याने त्याच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. असं का केलं असेल कोण जाणे. नको म्हणायला गेले आणि खाल्लं.

१२ एप्रिल

छत्तीस. एक राहिली आहे, एकोणिसाव्या क्रमांकाची. ती त्यांनी मध्येच सोडली आणि पुढे गेले. थकले असतील.

१५ एप्रिल

पत्र आलं. जसंच्या तसं:

"पत्रवाल्या बाई हे डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितो आहे फोनला सांगितलं तू गप्प राहा चार दिवस लागले एकोणीस नंबरचं पान मेलेलं नाही नुसतं दुसरीकडे राहायला गेलं आहे तुम्ही नीट शोधलं नाहीत ही चौथी चूक तुमच्या गिऱ्हाइकाची लिंक परत देणार नाही तुम्ही मागितली नाहीत तेव्हा द्यावीशी वाटली पण दिली असती तर तुमचं ते पत्रही बाकीच्यांसारखं झालं असतं किल्ली एकच ठेवू नका मी पडलो तेव्हा माझ्या दाराची दुसरी शेजारणीकडे होती म्हणून हे लिहायला आहे दुसरी करून कुणाकडे तरी द्या आज डावा हात तोलला उजव्यापेक्षा जास्त भरला कामाला लागला आहे ना"

मी ते उभ्यानेच वाचलं.

१६ एप्रिल

ऑफिस सुटल्यावर किल्लीवाल्याकडे गेले. यंत्र दोन मिनिटं कर्कश वाजलं. "एकच हवी का?" त्याने विचारलं. एकच, म्हटलं. कुणाकडे द्यायची याची यादी मनात केली तर ती एका नावाची झाली.

ताईला फोन लावला.

"काय गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. माझ्या घराची एक किल्ली तुझ्याकडे ठेवायची आहे."

पलीकडे तिने नळ बंद केला.

"पोस्टाने पाठवते," मी म्हटलं.

"पोस्टाने कशाला? मी मेले का? रविवारी येते. येताना रोप आणते एक, आईच्या कुंडीतलं. रोज फोटो पाठवते ते बघतेस तरी का? का नुसते हात जोडतेस देवळातल्यासारखे?"

"कुठल्या कुंडीतलं?"

"निळ्या. तूच नाही का चेंडू मारून टवका उडवलेला?"

फोन ठेवल्यावर मागची सगळी चित्रं एकेक मोठी करून पाहिली. चारशेच्या वर आहेत. कडेला कुठे कुठे तिच्या बाल्कनीचा कठडा दिसतो, एकात तिचा अंगठा आला आहे.

१७ एप्रिल

नवी किल्ली काट्यावर ठेवली. तेरा ग्रॅम भरली. घासताना एक ग्रॅम गेला, की धातूच वेगळा आहे, हे काकांना विचारायचं आहे. पुन्हा तोलली. तेराच.

ताईला कळवलं, रविवारी स्टेशनवर घ्यायला येते. मग आणखी एक ओळ लिहिली, "दोन दिवस राहशील का?" आणि पाठवून टाकली. उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा विचारीन.